वाडग्याखाली तांबडं वर्तुळ: हाताने घडवलेल्या भांड्यातून रस्सा पाझरतो तेव्हा

आषाढात कोल्हापुरात टेंबलाई देवीला नवं पाणी वाहून झालं की आमच्या गल्लीत घरोघर मटण शिजतं, आणि नेमकी त्याच दिवसांत माझ्याकडे एकच तक्रार येते. पहिल्यांदा ती शेजारच्या काकूंनी आणली. मी घडवलेलं मोठं वाडगं त्यांनी तांबडा रस्सा वाढायला म्हणून घेतलं होतं. जेवणं आटोपून वाडगं उचललं तर टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर बांगडीएवढं तांबडं वर्तुळ. "आगं, फुटलंय म्हणावं तर कुठं चीर दिसत न्हाई. मग रस्सा खाली आला कुठनं?" असं विचारत त्या वाडगं घेऊन दारात उभ्या राहिल्या. मी आतून हात फिरवला, सगळं गुळगुळीत. खिडकीशी नेऊन उजेडात तिरकं धरलं तेव्हा मात्र काचेच्या थरात केसाहून बारीक तांबड्या रेघांची जाळी दिसली.

त्या रेघा बघून मी ठरवून टाकलं की दोष ग्लेझचा, म्हणजे मातीवर चढवलेल्या त्या काचेच्या थराचा. ग्लेझ बदललं. नवी वाडगी भट्टीतून निघाली तेव्हा स्वच्छ होती, दोन महिन्यांनी पुन्हा वर्तुळ. पुन्हा बदललं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर रेघ एकही नव्हती, आणि तरीही वाडग्याच्या बुडाशी ओल आली. तेव्हा कुठे लक्षात आलं की मी दीड वर्ष चुकीच्या जागी औषध लावत होते. रेघा दिसतात ग्लेझमध्ये, पण पाझरते ती खालची माती. माती नीट भाजलेली असेल तर रेघा पडल्या तरी थेंब खाली येत नाही, आणि माती कच्ची असेल तर ग्लेझ कितीही सुंदर असलं तरी पाणी कुठून ना कुठून वाट काढतं. हाच त्रास पुन्हा पुन्हा होणाऱ्यांसाठी, भांडी वापरणाऱ्यांसाठी आणि बनवणाऱ्यांसाठीही, हे सविस्तर लिहिते आहे.

आधी माठ आठवा

गंगावेसेत एक कुंभार मामा आहेत, त्यांच्याकडे मी लहानपणापासून जाते. त्यांना वाडगं दाखवलं. त्यांनी आधी बोटाच्या पेराने कडेवर टिचकी मारली आणि कान लावला. मग उपडं करून बुडाच्या उघड्या कड्यावर जीभ टेकवली. जीभ चिकटली. "पोरी, ह्यो माठच हाय. वरनं काच लावलीस म्हणून काय झालं?"

त्यांचं बरोबर होतं. माठ पाझरतो म्हणून तर पाणी गार होतं. मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून ओल बाहेर येते, हवेत उडते आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. माठाचा तो गुण आहे. रस्सा वाढायच्या भांड्यात तोच गुण दोष ठरतो. साधी तांबडी माती हजार अंशांच्या आसपास भाजली की कडक होते, पण तिच्यातली छिद्रं मिटत नाहीत. अशी माती वजनाच्या दहा टक्के किंवा त्याहूनही जास्त पाणी पिते. स्टोनवेअरची, म्हणजे जास्त आचेवर भाजायच्या भांड्यांची माती १२०० ते १३०० अंशांपर्यंत नेली की तिच्यातला फेल्डस्पार (एक खनिज) वितळून काच होतो, कणांमधल्या फटी भरतो आणि माती दगडासारखी घट्ट होते. घरातली जुनी चिनी मातीची लोणच्याची बरणी वर्षानुवर्षं तेल-मीठ पोटात ठेवून कोरडी उभी असते ती याच घट्टपणामुळे. ग्लेझचं काम त्यानंतरचं: गुळगुळीतपणा, रंग, धुवायला सोपं जाणं.

आपल्याकडे या बाबतीत घरोघरी शहाणपण नाही, आणि त्याचं कारणही साधं आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षितांनी उत्खनन केलं. तिथे सातवाहनकाळातल्या वस्तीत खापरंही निघाली आणि ब्राँझच्या वस्तूही. त्यांतल्या काही टाउन हॉलच्या संग्रहालयात आजही बघता येतात. मी तिथे गेले की तेच मनात येतं. माती आणि धातू तेव्हापासून शेजारी शेजारी नांदतात. पाणी, धान्य, दही मातीत. तेल-तिखटाचं पातळ जेवण वाढायला मात्र आमच्या आज्यांनी कल्हईची पितळी नाहीतर काशाची वाटी घेतली, पुढे स्टील आलं. माठ घेताना तो कसा वाजवून बघायचा हे आजीला माहीत होतं. स्टोनवेअरचं वाडगं कसं पारखायचं हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, मग आपल्याला कुठून ठाऊक असणार?

घरच्या घरी तपासणी

वाडगं धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा. पावसाळा असेल तर ओव्हनमध्ये ठेवा, पण ओव्हन थंड असतानाच आत ठेवायचं आणि हळूहळू ११० अंशांपर्यंत न्यायचं. ओल्या भांड्याला एकदम आच दिली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ते तडकतं. वाळलेल्या वाडग्यात खोलीच्याच तापमानाचं पाणी भरा आणि ते वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवा. फ्रिजचं पाणी घेऊ नका. गार भांड्याला बाहेरून दव सुटतं, कागद ओला होतो, आणि चांगल्या भांड्यावर नाहक आळ येतो. माझ्या एका मैत्रिणीने असंच सहा वाट्यांचा अख्खा संच परत आणला होता, आणि एकही वाटी पाझरत नव्हती.

सकाळी कागद कोरडा असला तरी एवढ्यावर थांबू नका. पाणी न पाझरणारं भांडंही आत ओल साठवून ठेवू शकतं. रेघा बघायच्या असतील तर आतल्या बाजूला फाउंटन पेनची शाई कापसाने चोळा, पाच मिनिटांनी धुवा. जाळी असेल तर ती शाईने लख्ख उमटते. पण ज्यात जेवायचं आहे त्या भांड्यावर हा प्रयोग करू नका, शाई रेघांतून पुन्हा निघत नाही. एखादं चिरलेलं, बाजूला ठेवलेलं भांडं त्यासाठी घ्या.

मायक्रोवेव्ह असेल तर आणखी एक खूण मिळते. रस्सा कोमट आणि वाडगं मात्र हात भाजेल इतकं गरम, असं होत असेल तर मातीत पाणी मुरलेलं आहे. मायक्रोवेव्ह त्या पाण्याला तापवतो. हे पाणी बहुतेक वेळा वरून येतच नाही, खालून येतं. बुडाच्या कड्याला ग्लेझ नसतं, नाहीतर भांडं भट्टीच्या फळीला चिकटेल. रात्रभर सिंकमध्ये भिजत पडलेलं वाडगं त्या उघड्या कड्यातून पोटभर पाणी पितं.

वजनकाटा काय सांगतो

खरा निवाडा वजनकाटा करतो. काकूंच्या वाडग्याच्या भट्टीतलंच दुसरं एक वाडगं मी मुद्दाम फोडलं. तुकडे ओव्हनमध्ये पूर्ण वाळवून तोलले, ५१२ ग्रॅम भरले. मग पाच तास पाण्यात उकळले, त्याच पाण्यात दुसऱ्या दिवसापर्यंत राहू दिले, ओल्या फडक्याने वरचं पाणी टिपून पुन्हा तोलले, ५४८ ग्रॅम. म्हणजे ३६ ग्रॅम पाणी आत गेलं. ३६ भागिले ५१२, सात टक्के. स्टोनवेअर म्हणून विकलेल्या भांड्याचा हा आकडा बघून मला खूप वाईट वाटलं.

वाडगं फोडायचंच का? अख्खं भांडं तोललं तर पाणी फक्त बुडाच्या कड्यातून आणि रेघांतून शिरतं, आकडा कमी येतो आणि आपली फसगत होते. तुटलेल्या कडेला माती उघडी असते, तिथून ती मनसोक्त पिते. बनवणाऱ्यांनी यापुढे प्रत्येक भट्टीत त्याच मातीच्या, ग्लेझ न लावलेल्या, बोटभर रुंदीच्या दोन-तीन पट्ट्यांच्या चळती ठेवाव्यात, एक वरच्या फळीवर आणि एक खालच्या. पट्ट्या भांडी फोडण्यापेक्षा स्वस्त पडतात. माझ्या भट्टीत खालच्या फळीवरची पट्टी वरचीपेक्षा सव्वा टक्क्याने जास्त पाणी पीत होती. म्हणजे एकाच भट्टीतली वाडगी दोन प्रकारची निघत होती, आणि मी ती एकत्र रचून विकत होते.

आता मी मनाशी असं ठरवलं आहे: एक टक्क्याच्या आत असेल तर निर्धास्त. दोनपर्यंत असेल तर चालेल. तीनच्या वर गेलं तर ते भांडं पातळ पदार्थासाठी मी विकत नाही, मग ते कितीही देखणं उतरलेलं असो.

माती कच्ची का राहिली

मातीच्या पिशवीवर "१२०० ते १२८०" असं छापलेलं होतं. मी सुरुवातीचा आकडा धरला. वीजबिल कमी येतं, भट्टीच्या तारा जास्त टिकतात, आणि विक्रेत्यानेही "१२०० ला आरामात होते" असं सांगितलं होतं. पण एवढा रुंद पल्ला असलेली माती दोन्ही टोकांना सारखी घट्ट होऊच शकत नाही. १२०० ला ती नुसती कडक होते, फटी मिटायला लागतात त्या पुढे. जी माती १२८० ला घट्ट होते, ती १२०० ला कच्चीच असणार. ज्यांना हाच त्रास आहे त्यांनी सगळ्यात आधी आपल्या पिशवीवरचा आकडा आणि आपल्या भट्टीचा आकडा शेजारी ठेवून बघावेत. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं.

दुसरी गोष्ट मीटरची. मीटर दाखवतो ते थर्मोकपलच्या, म्हणजे भट्टीत खोचलेल्या तापमान मोजणाऱ्या तारेच्या टोकाशी त्या क्षणी असलेलं तापमान. भांड्याला किती उष्णता किती वेळ मिळाली हे त्याला कळत नाही. ते कळतं कोनला. कोन म्हणजे मातीचीच मोजून बनवलेली छोटी सुळकी, ठरावीक उष्णता सोसली की वाकणारी. सहा नंबरचा कोन तासाला ६० अंशांच्या गतीने तापवला तर साधारण १२२२ अंशांना वाकतो. वेग वाढवला तर त्याला जास्त तापमान लागतं, कमी केला तर कमी पुरतं. मी पाच, सहा आणि सात नंबरचे कोन एका ओळीत वरच्या फळीवर ठेवले आणि खालच्या फळीवरही ठेवले. मीटर १२०० म्हणत होता. वर पाच नंबर वाकलेला, सहा सरळ उभा. खाली पाच नंबरसुद्धा जेमतेम झुकलेला.

थर्मोकपल जुना झाला की भरवसा आणखी कमी होतो. आपण कोल्हापुरात आहोत याचा इथे मोठा फायदा आहे. हे फौंड्रीचं गाव. उद्यमनगरात, शिरोलीला धातू वितळवणाऱ्या भट्ट्यांसाठी थर्मोकपल, आच सोसणाऱ्या रिफ्रॅक्टरी विटा, उष्णता अडवणारं सिरॅमिक फायबर हे सगळं मिळतं. माझ्या भट्टीच्या दाराची फट मी तिथूनच आणलेल्या फायबरच्या पट्टीने बंद केली, आणि खालच्या फळीचा फरक निम्म्यावर आला. शिवाय त्या दुकानातल्या मंडळींना १२०० अंश म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. फायबर कापताना मास्क आणि लांब बाह्या मात्र हव्यातच.

यानंतर मी भाजणी सात नंबरच्या कोनपर्यंत नेली आणि वर पोचल्यावर वीस मिनिटं तिथेच थांबवली. त्या भट्टीतल्या पट्ट्यांचं मिळून वजन ४९८ ग्रॅमवरून ५०४ झालं. सहा ग्रॅम, म्हणजे १.२ टक्के. वर्तुळं थांबली.

याची किंमतही मोजावी लागली. जास्त तापलेली माती मऊ पडते. माझी भाकरीएवढी मोठी ताटं कडेने बसली, दोन रुंद परातींचं बूड खाली आलं. कडा जरा जाड ठेवून आणि बूड आतून किंचित उचलून मी ते सावरलं. आणि कुणी साधी तांबडी माती घेऊन तिला १२२० ला नेऊ नये. ती फुगते, बुडबुडे धरते, फळीवर वितळून भट्टी खराब करते. प्रत्येक मातीला तिची एक हद्द असते, ती ओलांडून उपयोग नाही.

आता रेघांकडे

माती घट्ट झाल्यावर पाझर थांबतो, पण रेघा राहिल्या तर तिखटाचा रंग त्यांत बसतोच. मिरचीचा तांबडा रंग आणि हळदीचा पिवळा, दोन्ही तेलात विरघळणारे. रश्श्यावरचा कट म्हणजे हे रंग धरून बसलेलं तेल. ते केसाएवढ्या फटीत सहज शिरतं आणि नुसत्या पाण्याने निघत नाही. म्हणून आपल्या भागात हा दोष लगेच उघडा पडतो. ज्या घरात वरण-भाताला वाडगं वापरलं जातं तिथे तीच जाळी वर्षभर कुणाला दिसत नाही.

रेघा का पडतात? भट्टीत ग्लेझ वितळून मातीला चिकटतं, आणि मग दोघं एकत्र थंड होताना आकसतात. ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसायला बघतं, पण माती त्याला तेवढं आकसू देत नाही. ते ताणलं जातं, आणि काच ताण सोसत नाही. अंगाला घट्ट झालेल्या सदऱ्याची शिवण उसवावी तसं होतं. भट्टी उघडल्यावर टिंग, टिंग असा बारीक आवाज येत राहतो, तो या उसवण्याचा. मला तो आवाज आधी गोड वाटायचा. आता ऐकू आला की मी त्या भट्टीतली वाडगी वेगळी काढते.

ज्या ग्लेझमध्ये सोडियम आणि पोटॅशियम जास्त, ते जास्त आकसतं. सोडा फेल्डस्पार भरपूर घालून केलेली चकचकीत ग्लेझं म्हणूनच जाळी धरतात. उपाय आहे क्वार्ट्झ, म्हणजे सिलिका. माझ्या पांढऱ्या ग्लेझमध्ये सोडा फेल्डस्पार निम्म्याच्या आसपास होता. मी त्याच मिश्रणात शंभराला पाच, दहा आणि पंधरा भाग क्वार्ट्झ वाढवून तीन चाचणी वाट्या केल्या. पाचला जाळी विरळ झाली, दहाला गेली, पंधराला ग्लेझ नीट वितळलंच नाही, राखेसारखं निस्तेज राहिलं. दहावर थांबले. ज्यांना त्याहून जास्त लागेल त्यांनी थोडी बोरॉनची फ्रिट, म्हणजे आधीच वितळवून दळलेली काच घालावी. बोरॉन वितळायलाही मदत करतो आणि आकसणंही कमी ठेवतो.

एक गोष्ट मला बराच काळ उलगडत नव्हती. क्वार्ट्झ ग्लेझमध्ये घातला तरी रेघा कमी होतात आणि मातीत घातला तरीही कमी होतात, असं ऐकलं होतं. दोन्हीकडे तोच पदार्थ, मग दोन्हीकडे फायदा कसा? ग्लेझमध्ये क्वार्ट्झ वितळून काचेत मिसळतो, आणि अशी काच कमी आकसते. मातीत मात्र तो बराचसा स्फटिक म्हणूनच राहतो, आणि स्फटिक थंड होताना ५७३ अंशांना एकदम आकसतो. म्हणजे एका ठिकाणी सदरा सैल होतो, दुसऱ्या ठिकाणी अंगच बारीक होतं. याच ५७३ अंशांच्या उडीमुळे भट्टी त्या टप्प्यावर घाईने थंड करू नये. मोठी ताटं तिथेच तडकतात.

क्वार्ट्झची पूड कोरडी हाताळताना चांगल्या दर्जाचा मास्क लावा. ती फुप्फुसात गेली की कायमचं नुकसान करते. माझ्या शेडमध्ये झाडू बंद आहे. जमीन आणि ओटे आम्ही ओल्या फडक्यानेच पुसतो.

पण उपाय अतीही करू नका. क्वार्ट्झ गरजेपेक्षा जास्त झाला तर उलटा रोग होतो. ग्लेझ मातीपेक्षा कमी आकसतं, दाबाखाली येतं आणि कडेवरून, कानावरून काचेच्या कपच्या उडतात. रेघांनी डाग पडतो. कपची जेवणात गेली तर तोंड कापतं. कडेवरून बोट फिरवताना असं काही टोचलं तर ते भांडं त्याच दिवशी जेवणातून काढा, दुसरा विचार नको.

याखेरीज दोन साधी कारणं आहेत. ग्लेझ जाड लावलं की तेच ग्लेझ जास्त रेघा धरतं, विशेषतः वाडग्याच्या तळाशी जिथे ते साचतं. आणि भट्टी दोनशे अंशांवर असताना दार उघडून बघायचा मोह. मला तो आवरत नसे. आता हात लावता येईल इतकी गार झाल्याशिवाय उघडत नाही.

नवं ग्लेझ ठरवलं की वाटी तीन मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच बर्फाच्या पाण्यात, असं तीनदा करते, मग शाई चोळते. यातून निभावलेली वाटी घरच्या जेवणात सहसा दगा देत नाही. तरीही प्रत्येक भट्टीतलं एक वाडगं मी फळीवर ठेवून देते, कारण काही रेघा उशिरा येतात. कच्ची माती हवेतली ओल पिऊन महिनोन्‌महिने किंचित फुगत जाते, वरची काच तेवढी फुगत नाही, आणि एक दिवस जाळी पडते. माझी पहिली दोन ग्लेझं भट्टीतून स्वच्छ निघून पावसाळ्यात बिघडली ती यामुळे. मी ग्लेझ सुधारत होते आणि खालून माती ते उसवत होती.

पांढऱ्या रश्श्याचा दोष दिसत नाही, वासाने कळतो

तांबडा रस्सा निदान रंग दाखवतो. पांढरा दाखवत नाही. त्यातलं नारळाचं दूध, काजू-तिळाचं वाटण आणि मटणाची चरबी हे सगळं स्निग्ध, आणि रेघांतून आत गेलं तर बाहेरून काही कळत नाही. आठ-पंधरा दिवसांनी रिकामं, धुतलेलं वाडगं हातात घेतलं की खवट वास येतो. तोच खरा इशारा. असं वाडगं कोमट ओव्हनमध्ये ठेवलं की वास दुप्पट होतो आणि शंका उरत नाही.

घट्ट मातीचं आणि नुसत्या रेघा असलेलं भांडं वापरायला माझी हरकत नाही. जेवण झाल्या झाल्या धुवा, भिजत ठेवू नका, पूर्ण वाळवून मगच कपाटात ठेवा. डाग काढायचा असेल तर कढत पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा घालून तासभर बुडवा, तेल सुटतं. मग साध्या पाण्याने दोनदा धुऊन उन्हात ठेवा. हळदीचा पिवळेपणा उन्हाने विटतो, तिखटाचा तांबडा जरा हट्टी असतो. क्लोरीनचं ब्लीच वापरू नका. ते रेघांत राहतं, वाळून क्षार धरतं आणि आतून ग्लेझ ढिलं करतं.

फ्रिजमधून काढलेल्या वाडग्यात उकळता रस्सा ओतू नका. आधी कोमट पाण्याने विसळून वाडगं माणसात आणा, मग रस्सा वाढा. एवढ्यानेच कितीतरी रेघा पडायच्या थांबतील. आणि वाढायचं भांडं गॅसवर ठेवू नये, ते त्यासाठी घडवलेलंच नसतं.

आंबट पदार्थांचा प्रश्न वेगळा. सोलकढी, चिंचेचं सार, लिंबू पिळलेली कोशिंबीर अशांसाठी भांडं घेताना त्याचं ग्लेझ कुठलं हे बनवणाऱ्याला विचारा, आणि ग्लेझमध्ये शिसं नाही ना, हे स्पष्ट विचारा. जुन्या किंवा सजावटीच्या, कमी तापमानाला भाजलेल्या रंगीत भांड्यांत ते असू शकतं. घरी लिंबाची फोड आत रात्रभर ठेवून बघता येते. सकाळी तिथला रंग फिका पडला किंवा चकाकी गेली तर ते भांडं जेवणाचं नाही. रंग तसाच राहिला म्हणून मात्र ते सुरक्षित ठरत नाही. शिसं आहे की नाही ते प्रयोगशाळाच सांगू शकते.

जे उपाय मी करून सोडले

वाडग्यात दूध उकळायचं किंवा तांदळाची पेज रात्रभर ठेवायची, हा जुना उपाय. दुधातली प्रथिनं आणि पेजेतला स्टार्च फटीत बसून ती बुजवतात. दह्याच्या गाडग्याला तो शोभतो. रश्श्याच्या वाडग्यात तो आठवडाभर टिकतो, कढत पाण्याने धुतलं की सुटतो, आणि जे आत उरतं ते आंबतं. बुडाला वॉर्निश किंवा चिकटद्रव्य लावणं त्याहून वाईट. गरम रश्श्याने ते मऊ पडतं, आणि आत शिरलेलं पाणी बाहेर यायची वाटही बंद होते.

कच्चं राहिलेलं भांडं पुन्हा भाजता येतं, पण ते वापरलेलं नसेल तर. मातीची हद्द तेवढी असली तर मी नवी, न विकलेली वाडगी पुन्हा सात नंबरवर नेली आणि बहुतेक सुधारली. काहींचं ग्लेझ ओघळलं. काकूंचं वाडगं मात्र तेल प्यायलेलं होतं. तरी मी हट्टाने ते भट्टीत घातलं. धूर झाला, ग्लेझला फोड आले, आणि शेजारची दोन चांगली भांडीही काळवंडली. वापरलेलं, पाझरणारं वाडगं कोरड्या वस्तूंसाठी ठेवावं. भाजलेले शेंगदाणे, लसणीच्या पाकळ्या, कापडात गुंडाळलेल्या भाकऱ्या. काकूंना मी नवं वाडगं दिलं, जड आणि जरा जाड कडेचं. ते घेताना त्यांनी आधी टिचकी मारून आवाज ऐकला, मग बुडाला जीभ लावून बघितली. मामांची ही तपासणी आता आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

फळीवर सध्या अकरा वाडगी आहेत, प्रत्येकावर पेन्सिलने भट्टीची तारीख आणि वजन लिहिलेलं. त्यांतल्या सर्वांत जुन्याला या आषाढात तीन पावसाळे पूर्ण होतील. ते पुन्हा वाळवून तोलायचं आहे.